रोबेर्तो क्लेमेंते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोबेर्तो क्लेमेंते कोण, हे थोडक्यात सांगाल का?

प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचा बेसबॉलपटू. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक स्पर्धेत, १९५५ ते १९७२ अशी १८ वर्षं तो पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून खेळला. त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट आहेत, एक कमी नाही की एक जास्त नाही. चार वेळा तो लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यानं सलग १२ वर्षं मिळवला आणि दोनदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची विजेतेपदाची मालिका, जिंकली. ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं आणि त्यात तो गेला. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

जवळच्या खेळाडूला आपण मराठीत एकेरीतच हाक मारतो. त्यात अनादर नसतो, माया असते. म्हणून पुढे सगळीकडे 'तो'च लिहिलं आहे.

रॉबर्टो की रोबेर्तो? क्लेमेंट की क्लेमेंते? एवढ्याशा गोष्टीला इतकं महत्त्व का?

कारण ही गोष्ट त्यानं स्वतः जन्मभर महत्त्वाची मानली. त्याचं नाव स्पॅनिश आहे आणि उच्चार रोबेर्तो क्लेमेंते असा. स्पॅनिश रीतीप्रमाणे वडिलांचं आडनाव आधी आणि आईचं नंतर येतं, म्हणजे पूर्ण नाव रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. वॉकर हे आईचं, लुईसाबाईंचं आडनाव. अमेरिकेतल्या पत्रकारांना आणि समालोचकांना 'रोबेर्तो' म्हणणं जड गेलं, म्हणून त्यांनी परस्पर 'बॉब' आणि 'बॉबी' करून टाकलं. मुलं जमवायची त्या बेसबॉल कार्डांवरही वर्षानुवर्षं 'बॉब क्लेमेंते' छापून येत होतं. तो मात्र विचारेल त्याला सांगायचा, माझं नाव रोबेर्तो आहे.

आपल्याकडे कुणी आपल्या आडनावाची मोडतोड केली तर पहिल्यांदा आपण हसून सोडून देतो. दहाव्यांदा मात्र ते लागतं. त्याला ते पहिल्यांदाच लागलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. त्याची गोष्ट समजून घ्यायची तर या नावापासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

मला बेसबॉल अजिबात कळत नाही. किती समजून घेतलं तर पुढचं वाचता येईल?

तीन गोष्टी पुरेत.

पहिली गोष्ट हिट. फलंदाजानं चेंडू मारला आणि क्षेत्ररक्षकाची चूक नसताना, बाद न होता तो बेसवर (मैदानावरच्या चार ठराविक टप्प्यांपैकी एकावर) पोचला की एक हिट. चारही बेस फिरून परत मूळ जागी आला की संघाला एक धाव. क्रिकेटमध्ये जम बसलेला फलंदाज दिवसभर खेळू शकतो, इथे मात्र एका सामन्यात जेमतेम चार-पाच संधी मिळतात. म्हणून ३,००० हिट करायला बहुतेकांची अख्खी कारकीर्द जाते.

दुसरी गोष्ट सरासरी. हिटना मोजल्या जाणाऱ्या संधींनी भागायचं. दहातल्या तीन संधींमध्ये हिट, म्हणजे ०.३००, हे उत्तम फलंदाजाचं लक्षण. बाकी सात वेळा तो अपयशीच होतो. क्लेमेंतेची कारकिर्दीची सरासरी ०.३१७ आहे.

तिसरी गोष्ट राइट फील्ड. फलंदाजाच्या जागेवरून पिचरकडे, म्हणजे गोलंदाजाकडे, तोंड केलं की उजव्या हाताला पसरलेलं लांबचं मैदान. तिथून तिसरा बेस सगळ्यात दूर पडतो. पहिल्या बेसवरचा खेळाडू तिसऱ्याकडे धावत सुटला तर त्याला तिथे बाद करायला राइट फील्डरचा हात तोफेसारखा लागतो. आपल्याकडे सीमारेषेवरून सरळ यष्टिरक्षकाच्या हातात फेकणारा क्षेत्ररक्षक आठवा, की क्लेमेंतेची जागा डोळ्यांपुढे येईल.

त्याचं बालपण कसं गेलं?

जन्म १८ ऑगस्ट १९३४, कारोलिना गावातल्या सान आंतोन वस्तीत. भावंडांत तो सगळ्यात धाकटा. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यात मुकादम होते. उसाचा फड, तोडणी, मुकादम हे शब्द आपल्या पश्चिम महाराष्ट्राला आणि मराठवाड्याला समजावून सांगायला नकोत. फरक एवढाच की तिथला ऊस अमेरिकी साखर कंपन्यांसाठी जायचा.

बॅट पेरूच्या फांदीची, ग्लव्ह कॉफीच्या पोत्याचा आणि चेंडू चिंध्या गुंडाळून केलेला. शाळेत तो भालाफेक करायचा. पुढे त्याच्या फेकीचं जे कौतुक झालं त्याचं मूळ बरेच जण त्या भाल्यात शोधतात. लहानपणीचा त्याचा आदर्श होता माँटी आर्विन. हा कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडू हिवाळ्यात सान हुआनच्या संघाकडून खेळायला यायचा, आणि पोरगेला रोबेर्तो त्याच्या मागे मागे मैदानापर्यंत जायचा. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९५२ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, त्याला सांतुर्सेच्या व्यावसायिक संघानं घेतलं. १९५४-५५ च्या हिवाळ्यात त्याच संघात त्याच्या शेजारी थोर बेसबॉलपटू विली मेज खेळत होता. एका बाजूला मेज आणि दुसऱ्या बाजूला क्लेमेंते, असं मैदान पाहणाऱ्या सांतुर्सेच्या प्रेक्षकांचा मला हेवा वाटतो.

ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला करारबद्ध केलं होतं ना? मग तो पिट्सबर्गला कसा गेला?

एका नियमामुळे. डॉजर्सनी १९५४ च्या सुरुवातीला त्याला १०,००० डॉलरचा बोनस देऊन घेतलं. तेव्हाचा नियम असा होता की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेला नवा खेळाडू मुख्य संघातच ठेवायचा. खालच्या संघात धाडला तर हंगामानंतर दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. डॉजर्सनी तो धोका पत्करून त्याला माँट्रिअलच्या आपल्या खालच्या संघात धाडलं. दुसऱ्यांच्या नजरेत भरू नये म्हणून तिथे त्याला मुद्दाम बसवून ठेवलं, ही कथा लोकप्रिय आहे, पण त्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. खेळला कमी, एवढं नक्की.

पायरेट्सच्या पारखी माणसाच्या नजरेतून तो सुटला नाहीच. क्लाइड सुकफोर्थ दुसऱ्याच कुणाला पाहायला माँट्रिअलला गेला होता. सरावात क्लेमेंतेची फेक पाहिली आणि त्याचं मन पक्कं झालं. २२ नोव्हेंबर १९५४ ला पायरेट्सनी ४,००० डॉलर मोजून त्याला उचललं. हा संघ तेव्हा लीगच्या तळाशी होता, त्यामुळे पहिली निवड त्यांचीच होती. पायरेट्सचा कारभार तेव्हा ब्रँच रिकी पाहत होते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला, म्हणजे आधुनिक मेजर लीगच्या पहिल्या काळ्या खेळाडूला, आणणारे ते हेच, आणि तेही डॉजर्समध्ये असतानाच.

सुरुवातीला त्याला वर्णभेदाचा त्रास झाला का?

झाला, आणि दुहेरी झाला. तो काळा होता आणि त्याची भाषा स्पॅनिश होती. प्वेर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, तरी त्याला परकाच समजलं जायचं.

सरावासाठी संघ फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला जायचा. तिथे गोरे खेळाडू हॉटेलात उतरायचे आणि काळ्या खेळाडूंची सोय काळ्या वस्तीतल्या घरांत केली जायची. प्रवासात बस थांबली की गोरे सहकारी खानावळीत जाऊन जेवायचे आणि काळ्या खेळाडूंनी बसमध्ये बसून राहायचं. कुणीतरी आतून त्यांच्यासाठी अन्न आणायचं. तसं आणलेलं अन्न खाणं क्लेमेंतेला अपमानाचं वाटायचं. अखेर त्यानं व्यवस्थापनाकडे धरणंच धरलं आणि काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी मिळवली, म्हणजे त्या बसमध्ये ताटकळायला नको. व्यवस्था बदलली नव्हती, पण दारात उभं राहून घास घेण्याची वेळ तरी टळली.

वर्तमानपत्रं त्याचं इंग्रजी जसं कानावर पडेल तसं, तोतऱ्या स्पेलिंगमध्ये छापायची. मुद्दा शहाणपणाचा असला तरी छापून येताना तो विनोदी दिसायचा. त्या पत्रकारांपैकी किती जणांना स्पॅनिशमध्ये एक वाक्य धड बोलता येत होतं?

मैदानावर तो नेमका कसा खेळायचा?

पाहणाऱ्याला तो आधी अवघडलेला वाटायचा. फलंदाजीला येताना मान गरगर फिरवायचा, खांदे हलवायचा. १९५४ च्या हिवाळ्यात एका दारुड्या चालकानं त्याच्या गाडीला धडक दिली होती. तेव्हापासून पाठीच्या मणक्यांचं दुखणं त्याला कायमचं जडलं होतं. पण चेंडू आला की सगळा अवघडलेपणा निघून जायचा.

शिस्तीतले प्रशिक्षक सांगतात की चांगल्या जागी पडलेल्या चेंडूवरच बॅट चालवा. क्लेमेंते अंगावर आलेला, बाहेर जाणारा, डोळ्यांच्या उंचीवरचा, कुठलाही चेंडू मारायचा. गोलंदाजांना त्यामुळे त्याला कुठे टाकावं हेच कळेना. आणि तो धावायचा असा की हात-पाय-टोपी सगळं चारी दिशांना उडतंय. टोपी तर खरोखरच उडायची.

त्याचा स्वभाव एका धावेत दिसतो. २५ जुलै १९५६, पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड, समोर शिकागो कब्ज. शेवटचा डाव, पायरेट्स तीन धावांनी मागे, तीनही बेस भरलेले आणि कुणीही बाद नाही. क्लेमेंतेचा फटका दूर भिंतीशी गेला आणि पुढचे तिघं घरी पोचले. बरोबरी झाली होती. तिसऱ्या बेसपाशी उभे असलेले त्याचेच मॅनेजर बॉबी ब्रॅगन दोन्ही हात वर करून 'थांब' सांगत होते. हिशेब त्यांचाच बरोबर होता. कुणी बाद नव्हतं, पुढचा फलंदाज त्याला सहज घरी आणू शकला असता. क्लेमेंते त्यांच्या समोरून तसाच पुढे गेला आणि घसरत घरी पोचला. सामना ९-८ असा जिंकला. चेंडू मैदानाबाहेर न जाता धावून काढलेली, सामना संपवणारी अशी चार धावांची हिट मेजर लीगच्या नोंदीत दुसरी नाही.

राइट फील्डमध्ये तर त्याचं राज्य होतं. कोपऱ्यातून, भिंतीला टेकून, गिरकी घेऊन, कुठूनही तो सरळ बेसवर फेकायचा. त्याच्या फेकींमुळे कारकिर्दीत २६६ प्रतिस्पर्धी बाद झाले. पण न धावलेल्यांची मोजणी कोण करणार? चेंडू त्याच्याकडे गेला की समोरचे धावणारे जागच्या जागी थांबायचे, आणि ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. आकड्यांवर माझा जीव आहे, तरी हे मान्य करतो.

तो दुखण्याचं सोंग करतो असं म्हणत, ते खरं का?

खोटं. पाठ, कोपर, पोट, मलेरिया, झोप न लागणं, हे सगळं त्याला खरोखर होतं. कुणी 'कसा आहेस?' विचारलं की तो खरं उत्तर द्यायचा, इतकंच. अमेरिकी खेळांच्या जगात दुखणं लपवणं हा पुरुषार्थ समजला जायचा, म्हणून त्याच्यावर रडका असा शिक्का बसला. रडका म्हटलेला हा माणूस पायरेट्सकडून २,४३३ सामने खेळला. संघासाठी त्याच्याहून जास्त सामने कुणीच खेळलेलं नाही.

१९६० मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकूनही तो नाराज का होता?

त्या वर्षी पायरेट्सनी बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजना सात सामन्यांत हरवलं. सातव्या सामन्यात बिल मझरोस्कीनं शेवटच्या डावात होम रन (एकाच फटक्यात सगळे बेस फिरवणारा फटका) मारली आणि शहर वेडं झालं. क्लेमेंतेनं सातही सामन्यांत हिट केली होती. हंगामात संघात सर्वाधिक, म्हणजे ९४ धावा त्याच्या बॅटमुळे आल्या होत्या. तरी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा आला आणि पुरस्कार त्याच्याच संघातल्या डिक ग्रोटला मिळाला. ग्रोटला मिळाला म्हणून त्याला वाईट वाटलं नाही. आठव्या क्रमांकाचं वाईट वाटलं. मत देणारे पत्रकार होते, आणि त्याला 'बॉबी' म्हणणारेही तेच.

उत्तर त्यानं पुढच्या हंगामात दिलं. १९६१ मध्ये ०.३५१ सरासरी आणि पहिलं अग्रस्थान. मग १९६४, १९६५, १९६७ ची अग्रस्थानं. सर्वोत्तम खेळाडूचा मान १९६६ मध्ये मिळाला, तेव्हा त्याच्या खात्यात २९ होम रन आणि त्याच्या बॅटमुळे आलेल्या ११९ धावा होत्या.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर पायरेट्स खेळले नाहीत, त्यात त्याचा हात होता का?

होता. किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली आणि अंत्यविधी ९ तारखेला होता. पायरेट्सचा हंगाम ह्यूस्टनमध्ये ८ तारखेला सुरू व्हायचा होता. क्लेमेंते आणि संघातले काळे सहकारी म्हणाले, अंत्यविधी होईपर्यंत खेळायचं नाही, आणि गोऱ्या सहकाऱ्यांनीही साथ दिली. सामना १० एप्रिलला झाला. क्लेमेंतेची किंग यांच्याशी ओळख होती आणि त्यांच्याबद्दल तो भरभरून बोलायचा.

तीन वर्षांनी, १ सप्टेंबर १९७१ ला, पायरेट्सनी मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिनो होते. मेजर लीगमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. राइट फील्डमध्ये अर्थात क्लेमेंते.

१९७१ ची वर्ल्ड सिरीज 'क्लेमेंतेची सिरीज' का म्हणतात?

तोपर्यंत त्याची थोरवी पिट्सबर्गला आणि कॅरिबियनला ठाऊक होती, बाकी देशाला नव्हती. पिट्सबर्ग न्यूयॉर्कइतकं मोठं नाही, तिथल्या खेळाडूचे सामने देशभर रोज दिसत नसत. १९७१ मध्ये सात सामने सगळ्या देशानं पाहिले, आणि ३७ वर्षांच्या क्लेमेंतेनं ठरवून टाकलं होतं की यांना आता दाखवायचं.

समोर बाल्टिमोर ओरिओल्स होते. त्यांच्या चार पिचरांनी त्या हंगामात प्रत्येकी वीस विजय मिळवले होते. पायरेट्स पहिले दोन सामने हरले. मग घरच्या मैदानावर सलग तीन जिंकले. सहावा गेला. सातव्यात क्लेमेंतेनं माइक क्वेयारच्या चेंडूवर होम रन मारून आघाडी मिळवून दिली आणि पायरेट्स २-१ असे जिंकले. सात सामन्यांत १२ हिट, ०.४१४ सरासरी, आणि सातही सामन्यांत हिट. १९६० मध्येही सातही सामन्यांत होत्याच. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेलेला तो पहिला लॅटिनो.

सामना संपल्यावर दूरचित्रवाणीचा माइक समोर आला. इंग्रजीत उत्तर देण्याआधी त्यानं परवानगी मागितली आणि तो स्पॅनिशमध्ये बोलला. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी आपल्या मुलांना आशीर्वाद दिला आणि प्वेर्तो रिकोतल्या आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. अमेरिकेत लक्षावधी स्पॅनिशभाषक घरं हे पाहत होती. आपली भाषा त्या पडद्यावर, त्या क्षणी, कुणी अशी बोलेल याची त्यांना कल्पना नव्हती. परीक्षेचा निकाल लागला की पेढा देण्याआधी आपण घरच्या मोठ्यांच्या पाया पडतो, त्यातलंच हे आहे. म्हणून हे दृश्य पाहताना मला भाषांतर लागत नाही.

३,००० वी हिट कधी झाली?

३० सप्टेंबर १९७२, पिट्सबर्गचं थ्री रिव्हर्स स्टेडियम, न्यूयॉर्क मेट्सचा तरुण पिचर जॉन मॅटलॅक, चौथा डाव. चेंडू डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत गेला आणि क्लेमेंते दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. तोवर फक्त दहा जणांनी हा टप्पा गाठला होता.

आदल्या दिवशी एक गोंधळ झाला होता. टॉम सीव्हरच्या चेंडूवर मारलेला त्याचा फटका क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटला. क्षणभर फलकावर हिट झळकली, लोकांनी जल्लोष केला, आणि मग ती क्षेत्ररक्षकाची चूक ठरली. बरं झालं. दुसऱ्या दिवशीच्या हिटबद्दल कुणाला शंका घ्यायला जागाच उरली नाही. स्टेडियम मात्र बरंचसं रिकामं होतं, जेमतेम तेरा हजार माणसं.

नियमित हंगामातली ती त्याची शेवटची हिट.

निकाराग्वाशी त्याचा काय संबंध? विमानात तो स्वतः का बसला?

नोव्हेंबर १९७२ मध्ये तो प्वेर्तो रिकोच्या हौशी संघाचा मॅनेजर म्हणून मानाग्वाला गेला होता. तिथे तो तीन-चार आठवडे राहिला आणि लोकांत मिसळला. इस्पितळात दोन्ही पाय गमावलेला एक मुलगा त्याला भेटला, त्याच्या कृत्रिम पायांची व्यवस्था करायचं त्यानं मनावर घेतलं. निकाराग्वा त्याच्यासाठी नकाशावरचा देश राहिला नव्हता, तिथे आता ओळखीचे चेहरे होते.

२३ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर मानाग्वाला भूकंपाचा धक्का बसला आणि शहराचा मधला भाग जमीनदोस्त झाला. हजारो माणसं मेली, लाखो बेघर झाली. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवणाऱ्या आपल्यातल्या पिढीला अशी पहाट समजावून सांगायला नको. क्लेमेंते सान हुआनमधल्या मदत समितीचा प्रमुख झाला. ऐन नाताळात तो दारोदार फिरला, औषधं, अन्न, कपडे आणि पैसे जमवले.

मदत जाऊ लागली, पण बातम्या वाईट येत होत्या. हुकूमशहा सोमोसाचे सैनिक ती परस्पर वळवत होते, गरजूंपर्यंत काही पोचत नव्हतं. क्लेमेंतेला वाटलं की आपण स्वतः सोबत गेलो तर आपल्या तोंडावर कुणी चोरी करणार नाही. पैसे आणि सामान दुसऱ्याच्या स्वाधीन करून घरी बसता आलं असतं. लोकांनी आपल्या नावावर विश्वास ठेवून दिलं आहे, तर ते पोचवणंही आपलंच काम, असा त्याचा हिशेब होता. नावाबद्दल जन्मभर हट्ट धरलेल्या माणसाला हा हिशेब नवा नव्हता.

अपघात कसा झाला?

भाड्यानं घेतलेलं विमान जुनं डीसी-७ होतं. त्याच महिन्यात धावपट्टीकडे जाताना खंदकात शिरून त्याचं नुकसान झालेलं होतं. सामान मर्यादेपेक्षा सुमारे दोन टन जास्त भरलेलं होतं. इंजिनांची देखभाल करणारा प्रशिक्षित माणूस सोबत नव्हता. दिवसभर उशीर होत गेला. वर्षअखेरच्या रात्री सव्वानऊनंतर विमान उडालं, एका इंजिनात बिघाड झाला, वैमानिकानं परत वळवायचा प्रयत्न केला आणि इस्ला व्हेर्देजवळ विमान समुद्रात पडलं. पाचही जण गेले. फक्त वैमानिकाचा मृतदेह सापडला.

नववर्षाचा गाजावाजा सगळ्या बेटावर थांबला. लोक किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले. पायरेट्सचा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) मॅनी सँगियेन हा क्लेमेंतेचा जिवलग. ४ जानेवारीला कारोलिनात प्रार्थनासभा झाली तेव्हा सगळा संघ तिथे होता. सँगियेन नव्हता. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात मित्राला शोधत होता.

कुटुंबीयांनी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेवर दावा लावला. खालच्या न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूनं लागला, अपिलात तो उलटला.

हॉल ऑफ फेममध्ये त्याला लगेच कसं घेतलं?

हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंचं सन्मान-दालन. तिथे जायला खेळ सोडल्यावर पाच वर्षं थांबायचा नियम आहे. त्याच्यासाठी विशेष मतदान झालं आणि मार्च १९७३ मध्ये ४२४ पैकी ३९३ मतांनी तो निवडला गेला. हा मान मिळालेला तो पहिला लॅटिन अमेरिकी खेळाडू. ६ ऑगस्ट १९७३ च्या समारंभात त्याच्याबरोबर सन्मान झालेल्यांत आणखी एक ओळखीचं नाव होतं, ते म्हणजे माँटी आर्विन. ज्याच्या मागे मागे पोरगेला रोबेर्तो मैदानापर्यंत जायचा, तोच आर्विन.

आणि तिथेही नाव चुकलं. कांस्य फलकावर 'रोबेर्तो वॉकर क्लेमेंते' असं कोरलं गेलं, जणू आईचं आडनाव हे मधलं नाव. ते दुरुस्त होऊन 'रोबेर्तो क्लेमेंते वॉकर' व्हायला २००० साल उजाडलं.

त्याचा क्रमांक २१ का होता?

सुरुवातीला १३ होता. मग त्यानं आपल्या पूर्ण नावातली स्पॅनिश अक्षरं मोजली. रोबेर्तो क्लेमेंते वॉकर, एकूण २१. आईच्या आडनावाशिवाय हा आकडा होत नाही.

पायरेट्सनी १९७३ मध्ये तो क्रमांक निवृत्त केला. जॅकी रॉबिन्सनचा ४२ जसा सगळ्या संघांनी निवृत्त केला, तसा २१ ही करावा अशी मागणी आहे. मला ती योग्य वाटते. सध्या १५ सप्टेंबरला क्लेमेंते दिवस असतो आणि त्या दिवशी कुठल्याही संघातला खेळाडू २१ घालू शकतो. समाजासाठी झटणाऱ्या खेळाडूला दरवर्षी मिळणारा मेजर लीगचा मानाचा पुरस्कारही १९७३ पासून त्याच्याच नावानं दिला जातो.

त्याच्या कुटुंबाचं काय झालं?

पत्नी व्हेरा साबाला. लग्न १४ नोव्हेंबर १९६४ ला कारोलिनात झालं. रोबेर्तो, लुईस आणि एन्रिके हे तीन मुलगे. तिघांचाही जन्म प्वेर्तो रिकोतच व्हावा हा त्याचा आग्रह होता, आणि तसंच झालं. गरीब मुलांसाठी खेळांचं मोठं संकुल उभारायचं त्याच्या मनात होतं. ते व्हेराबाईंनी कारोलिनात उभं केलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. पुढे पैशांअभावी त्याची दुरवस्था झाली, याचं दुःख वाटतं. व्हेराबाई नोव्हेंबर २०१९ मध्ये गेल्या.

भारताशी काही धागा आहे का?

एक आहे, आणि तो गोड आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन तरुण एका स्पर्धेतून निवडले गेले. अमेरिकेतल्या मेजर लीग संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय, आणि तो संघ होता पिट्सबर्ग पायरेट्स. दोघंही मूळचे भालाफेकपटू. मेजर लीगपर्यंत ते पोचले नाहीत, खालच्या संघांतून खेळले.

त्याला संत मानणं योग्य आहे का?

मरणाची कथा इतकी मोठी आहे की तिच्यामागे खेळाडू झाकला जातो, हे मला खटकतं. तो मानी होता, चटकन दुखावला जायचा, झालेला अपमान विसरत नसे. पत्रकारांवर चिडायचा. स्वतःच्या खेळाबद्दल विचारलं तर आपल्यापेक्षा चांगला कुणी नाही असं सांगायलाही कचरत नसे. हे दोष म्हणून झाकू नयेत. बसमध्ये बसून राहायला नकार देणारा, ब्रॅगनच्या हातांपुढून धावत गेलेला आणि त्या विमानात चढलेला, हा एकच माणूस आहे.

पिट्सबर्गला गेलो तर काय पाहावं?

शिकायला किंवा नोकरीला तिथे गेलेल्या मराठी मुलांनी बेसबॉल आवडत नसला तरी एक सामना पाहावा. शहराच्या मध्यातून अ‍ॅलेघनी नदीवरचा पिवळा पूल चालत ओलांडायचा. १९९८ पासून त्याचं नाव रोबेर्तो क्लेमेंते पूल. सामन्याच्या दिवशी तो गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांसाठी मोकळा करतात. पलीकडे पीएनसी पार्क आहे आणि बाहेर त्याचा पुतळा, फटका मारून पहिल्या बेसकडे निघालेला. लॉरेन्सव्हिल भागात जुन्या अग्निशमन केंद्रात त्याचं संग्रहालय आहे, त्यासाठी निम्मा दिवस राखून ठेवा.

स्टेडियममध्ये शक्यतो राइट फील्डच्या बाजूचं तिकीट काढा. तिथली भिंत बरोबर २१ फूट उंच बांधली आहे.